कारूच्या खडकात वायू किती? दोन बोअर आणि एक मोठा हिशेब

मागच्या काही व्याख्यानांत आपण गाळाचे खडक कसे तयार होतात आणि त्यांत कोळसा, तेल, वायू कसे साठतात हे पाहिलं. आज त्याच विषयातला एक व्यवहाराचा प्रश्न घेऊ. ज्या प्रदेशात फारसं खोल खोदकाम झालेलंच नाही, तिथे जमिनीखाली शेल वायू किती आहे हे सांगायचं कसं? आणि सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तो किती?

उदाहरणासाठी आपण दक्षिण आफ्रिकेतलं कारू खोरं निवडलं आहे. कारण सोपं आहे. एकाच खोऱ्यासाठी, एकाच काळ्या खडकासाठी, काही वर्षांच्या अंतराने दोन आकडे पुढे आले. एक ३९० ट्रिलियन घनफूट आणि दुसरा १३ ट्रिलियन घनफूट. एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी. या दोन आकड्यांत तीसपटींचा फरक आहे.

हा फरक किती मोठा, ते आपल्या मापाने बघू. भारतात वर्षाला साधारण ६,००० ते ७,००० कोटी घनमीटर नैसर्गिक वायू वापरला जातो. १३ ट्रिलियन घनफूट म्हणजे सुमारे ३७,००० कोटी घनमीटर. आपल्या आजच्या वापराने तो पाच-सहा वर्षांत संपेल. ३९० ट्रिलियन घनफूट म्हणजे सुमारे ११ लाख कोटी घनमीटर. तो दीडशेहून जास्त वर्षं पुरेल. देशाने वायूवर वीजकेंद्रं उभारायची की नाही, कोरड्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या पाण्याचा धोका पत्करायचा की नाही, हे निर्णय अशा आकड्यांवर होतात. म्हणून आकडा आला कुठून, हे विचारणं आपलं कामच आहे.

आधी खोरं समजून घेऊ

कारू हे सहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं गाळाचं खोरं आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. दक्षिण आफ्रिकेच्या भूभागाचा फार मोठा हिस्सा त्याने व्यापला आहे. वरून पाहाल तर सपाट माथ्याच्या टेकड्या, खुरटी झुडपं, मेंढ्या आणि दूरदूर विखुरलेली गावं. पाऊस कमी. ‘कारू’ हे नावच मूळच्या खोइखोइ लोकांच्या भाषेतल्या ‘कोरडा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलं, असं मानतात.

या खोऱ्याशी आपलं जुनं नातं आहे. कारूचे थर साचत होते तेव्हा भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सगळे एकाच महाखंडात होते. त्या महाखंडाचं नाव गोंडवन, आणि ते आलं मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून. त्यामुळे कारूची थरांची उतरंड आपल्याला ओळखीची वाटते. तळाशी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांनी आणलेला दगडगोट्यांचा गाळ. तसाच थर आपल्याकडे ‘तालचीर’ नावाने ओळखतात आणि त्याचे पुरावे चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत. त्याच्या वर, बर्फ वितळल्यानंतर तयार झालेल्या समुद्राचा चिखल. या वरच्या थरांना कारूत ‘एक्का’ गट म्हणतात. आज आपल्याला ज्यात रस आहे तो खडक या एक्का गटाच्या खालच्या भागात आहे. त्याचं नाव ‘व्हाइटहिल’.

नावात पांढरा असला तरी खडक काळाकुट्ट आहे. उन्हापावसात उघडा पडला, की त्यातलं लोहगंधकाचं खनिज कुजतं आणि खडकावर पांढरट थर चढतो. दुरून डोंगरात पांढरा पट्टा दिसतो, म्हणून हे नाव. याच थरात मेसोसॉरस या छोट्या पाणसरड्याचे जीवाश्म मिळतात. तसेच जीवाश्म अटलांटिकपलीकडे ब्राझीलमध्येही मिळतात. खंड एकेकाळी जोडलेले होते याचा हा गाजलेला पुरावा.

आता हा चिखल काळा का? तळाशी प्राणवायू कमी होता. वरून पडलेले सूक्ष्म जीव, शेवाळ कुजून नाहीसं झालं नाही, चिखलातच गाडलं गेलं. चिखल दबला, त्याचा शेल झाला. त्यातल्या सेंद्रिय द्रव्याला केरोजेन म्हणतात. शेल खोल गेला, तापला, की केरोजेनपासून आधी तेल आणि मग वायू सुटतो. त्यातला काही वरच्या खडकांत निघून जातो, काही शेलमध्येच अडकून राहतो. हा अडकलेला वायू म्हणजे शेल वायू. शेलची छिद्रं इतकी बारीक असतात, की वायू आपणहून वाहत नाही. आडवा बोअर घेऊन, पाण्याच्या प्रचंड दाबाने खडकाला भेगा पाडाव्या लागतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

जुने बोअर काय सांगत होते?

कारूत कुणी खोदलंच नव्हतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेने १९६५ साली ‘सोएकोर’ ही सरकारी कंपनी तेल शोधण्यासाठी काढली. तिने कारूत सुमारे दोन डझन खोल बोअर घेतले. शोध तेलाचा होता, तेही सच्छिद्र वालुकाश्मात साठलेल्या तेलाचा. ते मिळालं नाही. त्या काळी शेल हा नुसता पार करून जायचा खडक होता.

त्यातला एक बोअर मात्र लक्षात ठेवण्यासारखा. १९६८ चा, क्रेनमीर नावाच्या जागचा. सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर शेलच्या भेगांतून वायू आला, दिवसाला १८ लाख घनफुटांहून जास्त वेगाने. म्हणजे साधारण ५२ हजार घनमीटर. पण चोवीस तासांच्या चाचणीतच तो जोर ओसरत गेला. भेगांत साठलेला वायू निघून गेला, आणि मागचा खडक तितक्या वेगाने नवा वायू देऊ शकला नाही.

हा एक बोअर दोन्ही बाजूंनी वाचता येतो. आशावादी म्हणेल, वायू आहे हे सिद्ध झालं. सावध माणूस म्हणेल, एका दिवसात दम सुटला. दोघंही खरं बोलतायत. आणि म्हणूनच ‘वायू लागला’ एवढ्या बातमीवरून खोऱ्याचा साठा ठरत नाही.

३९० चा आकडा कसा तयार झाला?

अमेरिकेत शेल वायूचं उत्पादन झपाट्याने वाढलं तेव्हा जगात आणखी कुठे असा वायू असेल, याची पाहणी अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने करवून घेतली. २०११ च्या अहवालात दक्षिण आफ्रिकेसाठी तंत्रज्ञानाने काढता येण्याजोगा वायू ४८५ ट्रिलियन घनफूट दाखवला गेला. २०१३ च्या सुधारित अहवालात तो ३९० झाला.

हा आकडा कुणी हवेतून काढला नव्हता. पद्धत प्रामाणिक आहे. आधी नकाशावर शेलचं क्षेत्रफळ घ्यायचं. जुन्या बोअरवरून जाडी घ्यायची. खोली आणि दाब यांचा अंदाज करायचा. खडकात सेंद्रिय कार्बन किती टक्के, हे नमुन्यांवरून घ्यायचं. व्हाइटहिलमध्ये तो भरपूर आहे, अहवालात सरासरी ६ टक्के धरला होता. मग अमेरिकेतल्या ज्या शेलमध्ये एवढा कार्बन असतो त्यात टनामागे इतका वायू असतो, तर इथेही तेवढा असेल, असं धरायचं. शेवटी, यातला काही टक्के वर काढता येईल, असं धरून गुणाकार करायचा.

मेख आहे ती या ‘धरायचं’मध्ये. क्षेत्रफळ माहीत, जाडी बऱ्यापैकी माहीत, कार्बन माहीत. पण एक टन खडकात प्रत्यक्ष वायू किती, हे कारूत कुणी मोजलेलंच नव्हतं. संपूर्ण गुणाकारातली सर्वांत महत्त्वाची संख्या उसनी होती.

ही संख्या हलली की काय होतं, ते एक छोटा हिशेब करून बघू. कागद-पेन्सिल घेतलीत तरी चालेल. हे आकडे कारूचे नाहीत, समजण्यापुरते आहेत.

एक चौरस किलोमीटर जागा घ्या. शेलची जाडी ३० मीटर. म्हणजे ३ कोटी घनमीटर खडक. एका घनमीटरचं वजन अडीच टन धरा. झाला साडेसात कोटी टन खडक. आता टनामागे २ घनमीटर वायू असेल, तर १५ कोटी घनमीटर वायू झाला. त्यातला पाचवा हिस्सा निघाला, तर ३ कोटी. अशी १०,००० चौरस किलोमीटर जागा असेल, तर ३०,००० कोटी घनमीटर, म्हणजे साधारण साडेदहा ट्रिलियन घनफूट.

आता बाकी सगळं तेच ठेवा आणि टनामागे २ च्या जागी ०.१ घनमीटर घाला. साडेदहाचं अर्धं ट्रिलियनच उरतं. नकाशा तोच, जाडी तीच, कार्बनही तोच. फक्त एक संख्या बदलली. ती संख्या नकाशा बघून मिळत नाही, भूकंपलहरींच्या सर्वेक्षणातूनही थेट मिळत नाही. त्यासाठी खडक हातात यावा लागतो. म्हणजे बोअर.

बोअर घेऊन नेमकं काय मोजतात?

पाण्यासाठी आपण बोअर घेतो तेव्हा दगडाचा भुगा वर येतो. शास्त्रीय बोअरमध्ये पोकळ नळीसारखं हिऱ्याचं पातं वापरतात आणि मधला खडक अखंड दांड्यासारखा बाहेर काढतात. त्याला ‘कोअर’ म्हणतात. वरपासून खालपर्यंत खोऱ्याचा सलग इतिहास पेट्यांत मांडून ठेवता येतो.

शेल वायूसाठी या कोअरवर चार-पाच गोष्टी तपासतात.

पहिली, वायूचं थेट मोजमाप. काळा शेल वर आला, की घाई असते. तुकडा लगेच हवाबंद डब्यात घालतात, डबा खोलवरच्या तापमानाला ठेवतात आणि खडकातून हळूहळू सुटणारा वायू दिवसेंदिवस मोजतात. हा ‘सुटलेला वायू’. नंतर तोच तुकडा कुटून बारीक करतात. तेव्हा जो बाहेर येतो तो ‘उरलेला वायू’. आणि कोअर खालून वर येईपर्यंत वाटेत जो निसटला, तो ‘हरवलेला वायू’. हा तिसरा मोजता येत नाही, सुरुवातीच्या वेगावरून मागे जाऊन काढावा लागतो. बोअर जितका खोल आणि कोअर वर यायला वेळ जितका जास्त, तितकी ही तिसरी संख्या कच्ची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट, सेंद्रिय कार्बन किती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या कार्बनला हायड्रोजन जोडलेला उरला आहे का. मिथेन म्हणजे एक कार्बन आणि चार हायड्रोजन. हायड्रोजन संपला असेल, तर कार्बन कितीही असो, नवा वायू तयार होणार नाही. मागे राहतं ते जवळजवळ ग्रॅफाइटकडे झुकलेलं द्रव्य.

तिसरी, खडक किती तापला होता. यासाठी व्हिट्रिनाइट नावाचे वनस्पतिजन्य कण सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खडक जितका जास्त तापलेला, तितके हे कण जास्त चमकतात. पडणाऱ्या प्रकाशापैकी किती टक्के परत येतो, ते मोजायचं. साधारण अर्ध्या टक्क्याच्या पुढे तेल सुटू लागतं, सव्वा-दीड टक्क्यानंतर वायू. तीन-साडेतीन टक्क्यांच्या पुढे गेलं, की खडक ‘अतिपक्व’. भाकरीचंच उदाहरण घ्या ना. कच्ची चालत नाही, भाजलेली हवी. पण तवा फार तापला तर करपते. करपलेल्या भाकरीतही कार्बन भरपूर असतो!

चौथी, खडकात क्वार्ट्झ किती आणि चिकणमाती किती. क्वार्ट्झ जास्त असेल तर खडक ठिसूळ असतो, भेगा पडतात आणि उघड्या राहतात. चिकणमाती जास्त असेल तर भेगा मिटतात. पाचवी, छिद्रं किती, आणि ती पाण्याने भरली आहेत की वायूने.

दोन बोअर

२०१५-१६ मध्ये जोहान्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने ‘कारू रिसर्च इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पात दोन बोअर घेण्यात आले. फ्रॅकिंगचा प्रश्नच नव्हता. उद्देश फक्त खडक बघण्याचा. एक पश्चिमेला, सेरेस गावाच्या बाजूच्या टांक्वा कारू भागात, ६७१ मीटर खोल. दुसरा जवळजवळ आठशे किलोमीटर पूर्वेला, विलोव्हेल गावाजवळ, २,३५३ मीटर खोल. दोन्ही व्हाइटहिलपर्यंत पोहोचले.

डी कॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्बन अपेक्षेप्रमाणे भरपूर निघाला. पण डब्यात ठेवलेल्या तुकड्यांतून वायू जवळजवळ सुटलाच नाही. कुटल्यावरही फारसा आला नाही. व्हिट्रिनाइटची चमक आणि चिकणमातीच्या खनिजांची रचना, दोन्हींनी एकच गोष्ट सांगितली: खडक अतिपक्व आहे, रूपांतरित व्हायला लागला आहे. कार्बनला जोडलेला हायड्रोजन फारसा उरलेला नाही. त्यावरून त्यांचं म्हणणं असं, की आधीच्या सगळ्या अंदाजांपैकी सर्वांत खालचा, म्हणजे १३ ट्रिलियन घनफुटांचा, अंदाज वास्तवाच्या जास्त जवळ असावा.

मग वायू गेला कुठे? दोन कारणं समोर येतात. खोऱ्याच्या दक्षिण कडेला ‘केप’ वळीपर्वत आहेत. पर्वत उभे राहताना कडेचे थर दबले, वळले, भेगाळले. दुसरं कारण आपल्याला, दख्खनच्या माणसांना, लगेच समजेल. सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी कारूत प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाले. लाव्हा पृष्ठभागावर पसरलाच. शिवाय तप्त शिलारस गाळाच्या थरांत आडवा-उभा घुसला आणि तिथेच थिजला. त्या खडकाला डोलेराइट म्हणतात. आपल्याकडे डेक्कन ट्रॅपमध्ये काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, दिसतात ना, त्यांचे हे भाऊबंद. कारूच्या बऱ्याच मोठ्या भागात हा डोलेराइट शेलच्या अंगाला लागून आहे. हजार-अकराशे अंश तापमानाचा रस शेजारी आला, तर शेल भाजून निघणारच.

आणि त्या वेळी वायू निघून गेल्याच्या खुणाही आहेत. पश्चिम कारूत खोलवरून पृष्ठभागाकडे गेलेल्या, चुराडा झालेल्या खडकांनी भरलेल्या शेकडो नळ्या सापडतात. नॉर्वेतील संशोधकांनी २००७ मध्ये असं मांडलं, की तापलेल्या काळ्या शेलमधला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड या वाटांनी हवेत गेला आणि त्या काळच्या जागतिक तापमानवाढीला कारणीभूत झाला. म्हणजे आपण आज जो वायू शोधतोय, त्यातला काही भाग डायनॉसॉरांच्या काळातच हवेत गेला होता.

दोन बोअर काय सांगत नाहीत?

आता इथे थांबून सावध व्हायला हवं. ‘कारूत वायू नाही’ असा निकाल या दोन बोअरनी दिलेला नाही. संशोधकांनी स्वतःच लिहिलं आहे, की त्यांच्या जागा आशादायक समजल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या बाहेर आहेत. पश्चिमेचा बोअर उथळ आणि वळीपर्वताजवळ. पूर्वेचा डोलेराइटच्या मुलखात. चांगला शेल मिळण्याची शक्यता जास्त आहे ती दक्षिण-मध्य भागात, जिथे व्हाइटहिल ३० मीटरहून जाड आहे, पुरेसा खोल आहे आणि डोलेराइट कमी आहे.

शिवाय हरवलेल्या वायूचा मुद्दा आहेच. छिद्रांत मोकळा असलेला वायू कोअर वर येताना सगळ्यात आधी निसटतो. डब्यातलं मोजमाप हे प्रामुख्याने खडकाला चिकटलेल्या वायूचं असतं. त्यामुळे पुढची पायरी म्हणजे आशादायक पट्ट्यात बोअर, तिथे छिद्रांतल्या वायूचं मोजमाप, आणि सगळं जुळलं तरच मर्यादित प्रवाहचाचणी. दक्षिण आफ्रिकेच्या भूविज्ञान परिषदेने ब्यूफोर्ट वेस्ट परिसरात खोल बोअरचं काम हाती घेतलं, ते याच दिशेने.

आणि १३ हा आकडाही क्षुल्लक नाही. साडेसहाशे कोटी वेगळे आणि साडेसहा कोटी वेगळे, पण साडेसहा कोटीसुद्धा कुणाला नको असतात का? फक्त प्रश्न बदलतो. ३९० असेल तर वायू सगळीकडे आहे असं समजून देशाचं ऊर्जाधोरण आखता येतं. १३ असेल तर तो एखाद्या लहान, नीट आखलेल्या पट्ट्यात एकवटलेला असेल तरच परवडतो. विखुरलेला असेल तर खडकातच राहिलेला बरा. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या शास्त्रीय मूल्यमापनाने तेच केलं: मोठ्या आकड्याच्या मागे न लागता ‘कमी वायू’साठी ५ आणि ‘जास्त वायू’साठी २० ट्रिलियन घनफूट धरून पाणी, रस्ते, रोजगार, आरोग्य यांवरचे परिणाम तपासले.

पाण्याचा प्रश्न

कारूत हा वाद इतका तापला तो पाण्यामुळे. २०११ मध्ये सरकारने शेल वायूच्या परवान्यांवर स्थगिती आणली, २०१२ मध्ये ती उठवली. त्याच २०११ मध्ये ब्यूफोर्ट वेस्टमध्ये पाण्याची इतकी टंचाई झाली, की सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या पाण्यात मिसळणारा प्रकल्प सुरू करावा लागला. तिथली बहुतेक गावं, शेतं, मेंढ्या भूजलावर जगतात.

आणि त्या भूजलाचा संबंध पुन्हा डोलेराइटशी आहे. डोलेराइटच्या भिंतीला लागून खडक भेगाळलेला असतो, तिथे पाणी साठतं. कारूतला शेतकरी विहिरीची जागा शोधतो ती या भिंतींच्या कडेने. आपल्याकडेही डाइकच्या कडेला पाणी बघतात. पण ज्या भेगा पाणी साठवतात, त्याच खोल आणि उथळ थरांना जोडणारी वाट असू शकतात. तेव्हा बोअर घेऊन फक्त वायू मोजून भागत नाही. पाणी कुठे आहे, किती खोलवर आहे, खालचं खारं पाणी वर येतं का, हेही त्याच बोअरमध्ये, आणि फ्रॅकिंगच्या कितीतरी आधी, नोंदवून ठेवावं लागतं. नंतर विहीर बिघडली तर ‘आधी कशी होती’ याची नोंद नसेल, तर दाद मागायची कुणाकडे?

शेवटी तीन प्रश्न

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतो.

*भारतात असं काही झालं आहे का?*
हो. २५ जानेवारी २०११ रोजी ओएनजीसीच्या दुर्गापूरजवळच्या बोअरमध्ये, दामोदर खोऱ्यात, सुमारे १,७०० मीटर खोलीवरच्या शेलमधून वायू आला. तो थरही गोंडवन काळातलाच, ‘बॅरन मेझर्स’ नावाचा. आपल्या देशातला शेल वायूचा तो पहिला प्रवाह. क्रेनमीरची आठवण ठेवून ही बातमी वाचायची: खडकात वायू आहे हे कळलं, किती काळ आणि किती विस्तारावर, हे पुढच्या बोअरनी सांगायचं.

*आणि महाराष्ट्रात?*
२०१३ च्या ज्या अहवालात कारूचा ३९० चा आकडा आहे, त्यात भारतातली चार खोरी तपासली होती: खंभात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर. महाराष्ट्रातलं एकही त्यात नव्हतं. राज्याच्या बहुतेक भागावर बेसाल्ट आहे, आणि बेसाल्ट हा वायू तयार करणारा खडक नव्हे. विदर्भात वर्धा खोऱ्यात गोंडवनचे थर आहेत. पण कारूवरून काही शिकायचं असेल, तर हेच, की ‘नात्यातला खडक आहे’ म्हणून त्याच्या नावावर वायू लिहायचा नाही.

*मग बोअर घेण्याआधी अंदाज करूच नये का?*
जरूर करावा. अंदाजाशिवाय बोअर कुठे घ्यायचा हेच ठरणार नाही. पण आकडा ऐकला, की चार गोष्टी विचाराव्यात. हा खडकात असलेला वायू की काढता येण्याजोगा? टनामागचा वायू तिथे मोजला, की दुसरीकडून आणला? किती बोअरवरून, आणि ते कुठल्या भागात? खडक किती तापलेला? पोलंडसाठी २०११ मध्ये ५ लाख कोटी घनमीटरहून मोठा अंदाज दिला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या भूवैज्ञानिक संस्थेने जुन्या बोअरच्या नोंदी तपासून ३४,६०० ते ७६,८०० कोटी घनमीटर हा जास्त संभाव्य पल्ला सांगितला. नंतर प्रत्यक्ष खोदकाम झालं, आणि मोठ्या परदेशी कंपन्या एकेक करून निघून गेल्या. या चार प्रश्नांची उत्तरं ज्या आकड्यासोबत येतात, तो लहान असला तरी कामाचा. ज्याच्यासोबत येत नाहीत, तो बोअरची जागा शोधण्यापुरता वापरावा. गावच्या पाण्याचा सौदा त्यावर करू नये.